हाताआधी पाते पाहा
(कौशल्यवर्गांसाठी अभ्यासपाठ)



या अंकात आपण सुतारकामाचा एक लहानसा पाठ अभ्यासणार आहोत. पाड्यापाड्यांवरच्या कौशल्यवर्गांत आता मायटर सॉ, म्हणजे तिरका कट मारणारे विजेचे मशीन, दिसू लागले आहे. मशीन आले की आपल्याला आनंद होतो. पण त्याच्यासोबत खोक्यातून आलेल्या पात्याचा विचार फारसा कोणी करत नाही. काम खडबडीत निघाले की आपण शिकणाऱ्याच्या हाताला बोल लावतो. आज एवढे एकच ध्यानात घ्यायचे आहे: हाताला बोल लावण्याआधी पाते पाहावे.

हा पाठ कशासाठी?

पालघर जिल्ह्यातील सुतारकामाच्या एका वर्गाची देखरेख माझ्याकडे आहे. आमची मुले वारली चित्रांसाठी सागवानी चौकटी करतात. वारली चित्रकलेला आज मान आहे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या देशाने या कलेकडे पाहिले. अशा चित्राला शोभेल अशी चौकट आपल्याच मुलांच्या हातून घडावी, हा आमचा हेतू.

पहिल्या खेपेच्या चौकटी शहरातल्या एका दुकानदाराने परत पाठवल्या. कोपऱ्यांवर लाकडाच्या कपच्या उडाल्या होत्या, आणि फटींत भुसा व फेविकॉल भरलेला दिसत होता. "यांच्या हाताला सफाई नाही," असा निरोप आला. तो ऐकून दोन मुले म्हणाली, "ताई, आम्ही आपले वीटभट्टीवरच जातो." मी त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांचे काम पाहत आले होते. त्यांचा हात स्थिर होता, माप बरोबर होते. मशीनवर मात्र २४ दात्यांचे पाते होते.

दात्यांचे गणित

१० इंची मशीनसोबत पुष्कळदा २४ ते ४० दात्यांचे पाते येते. घरबांधणीचे लाकूड झटपट तोडायला ते चांगले असते. चौकटीच्या बारीक कामाला त्याच मापाचे ६० ते ८० दात्यांचे पाते लागते.

कारण सोपे आहे. पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेते असे धरा. २४ दात्यांचे पाते लाकडाला मिनिटाला १,१५,२०० घाव घालते, तर ८० दात्यांचे ३,८४,००० घाव घालते. हात त्याच वेगाने खाली आणला, तर ८० दात्यांच्या पात्याचा प्रत्येक दाता आधीच्या एकतृतीयांशाहूनही लहान घास घेतो. मोठा घास घेणारा दाता लाकडाचे तंतू कापण्याऐवजी उचकटतो. भाताच्या पेंढ्याची जुडी बोथट विळ्याने ओढली तर काड्या चिरडतात आणि उपसून येतात. धारदार विळ्याने त्याच काड्या सरळ कापल्या जातात. लाकडाचे तंतूही तसेच वागतात.

मग सगळ्याच कामाला ८० दाते का नकोत? कारण जास्त दात्यांमध्ये भुसा बाहेर पडायला जागा कमी असते. जाड, ओले लाकूड त्याने कापू गेले तर पाते तापते, लाकूड काळे पडते आणि मोटरवर ताण येतो. म्हणून जुने पाते टाकू नका. ओबडधोबड कामाला जुने आणि चौकटीला नवे, अशी वाटणी करा.

पाते घेताना काय पाहावे?

१. व्यास. १० इंची मशीनला १० इंचीच पाते, म्हणजे सुमारे २५५ मिमी.

२. मधले भोक. ते मशीनच्या दांड्यावर घट्ट बसले पाहिजे. २५.४ मिमी आणि ३० मिमी अशी दोन्ही मापे बाजारात मिळतात, म्हणून जुने पाते सोबत घेऊन जा. भोक मोठे असेल तर पत्र्याचा तुकडा किंवा टेप लावून काम भागवू नका.

३. फेऱ्यांची मर्यादा. पात्यावर छापलेला आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असावा.

४. दात्याचा झुकाव. टेबल सॉच्या पात्याचे दाते बरेचसे पुढे झुकलेले असतात. मायटर सॉवर ते लाकूड ओढून घेतात. दुकानात "मायटर सॉचे पाते" असेच मागा. त्याचा झुकाव अगदी कमी, शून्याच्या आसपास किंवा किंचित उलटा असतो.

५. दात्याची घडण. लाकडासाठी एक दाता डावीकडे व पुढचा उजवीकडे उतरता, अशी एकाआड एक धार घ्या. असे दाते दोन्ही कडांना सुरीसारखे कापत जातात. सनमायका किंवा एमडीएफ सतत कापायचे असेल तर त्यासाठी वेगळ्या घडणीचे पाते मिळते.

दात्यांच्या टोकांना कार्बाइड असलेले पाते घ्यावे. बाजारात त्याला टीसीटी म्हणतात. त्याची धार पुष्कळ टिकते, मात्र ते कानशीने घासता येत नाही. हिऱ्याच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडेच ते न्यावे लागते.

पाते बदलताना

आधी प्लग काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही. मग दांडा अडकवून ठेवणारी कळ दाबा आणि नट सोडवा. बहुतेक मायटर सॉवर आटे उलटे असतात. म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की नट सैल होतो. नवशिके इथेच जोर लावून नट बिघडवतात.

पात्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या कोरड्या फडक्याने पुसा. तिथे भुशाचा कण राहिला तरी पाते डुगडुगते, आणि महाग पात्याचा कटही खराब येतो. पात्यावरचा बाण मशीनवरच्या बाणाशी जुळवा. आपल्या बाजूचे दाते खाली तोंड करून असले पाहिजेत. नट बेताचा घट्ट करा. संरक्षक झाकण आपोआप खालीवर होते ना, ते पाहा. मग प्लग लावा, बाजूला उभे राहा आणि मशीन थोडा वेळ रिकामेच चालवा.

कट मारताना

पट्टीची दर्शनी बाजू वर ठेवा. दाते वरून शिरतात आणि खालून-मागून बाहेर पडतात. कपच्या उडतात त्या बाहेर पडण्याच्या जागी. पट्टीच्या खाली आणि मागे टाकाऊ प्लायचा सपाट तुकडा ठेवला तर तंतूंना आधार मिळतो आणि कड शाबूत राहते.

पाते पूर्ण वेगात आल्यावरच सावकाश खाली आणा. कट संपला की बटण सोडा, पाते थांबू द्या आणि मगच वर उचला. फिरते पाते वर घेतले की कापलेल्या कडेला पुन्हा ओरखडा येतो. हात पात्यापासून किमान ६ इंच दूर असावा. लहान तुकडा क्लॅम्पने धरावा. चष्मा, कानाचे बूच आणि मास्क या तिन्ही गोष्टी दररोज वापराव्यात. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना घातक आहे.

पात्याचा दोष की कोनाचा?

इथे नीट भेद करायला शिका. कड उचकटली असेल तर पाते पाहा. कड स्वच्छ आहे पण फट राहते, तर कोन पाहा. फट आतल्या बाजूला असेल तर कट ४५ अंशांपेक्षा जास्त आहे. बाहेरच्या टोकाला असेल तर कमी आहे. ४० मिमी रुंद पट्टीच्या दोन्ही कटांत अर्ध्या अर्ध्या अंशाचा फरक असला तरी कोपऱ्यात सुमारे १ मिमी फट पडते. चौकटीला आठ कट लागतात. तोच फरक आठही कटांत आला तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ४ अंशांची चूक साचते. मशीनवरच्या खुणेवर विसंबू नका. दोन टाकाऊ तुकडे कापा, जोडा आणि गुण्या लावून पाहा.

समोरासमोरच्या पट्ट्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. त्यासाठी एका बाजूला ठोकळा बसवा आणि पट्टी त्याला टेकवून कापा. दुसऱ्या बाजूचा तुकडा मात्र मोकळा राहू द्या. तो अडकला तर पाते त्याला भिरकावते.

पात्याची निगा

सागाचा चीक दात्यांवर बसला की धार असूनही पाते जाळू लागते. पाते काढून कोमट साबणपाण्यात थोडा वेळ ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि लगेच पूर्ण कोरडे करा. तारेचा ब्रश वापरू नका. जुन्या घराचे लाकूड कापण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. एक विसरलेला खिळा कार्बाइडचे दाते उडवू शकतो.

आमच्या वर्गात ८० दात्यांचे पाते आले. त्याच मुलांनी, त्याच मशीनवर, त्याच सागाच्या चौकटी पुन्हा केल्या. कोपऱ्यात भुसा भरावा लागला नाही. त्या दुकानदाराने या वेळी चौकटी ठेवून घेतल्या. वीटभट्टीची भाषा करणाऱ्या दोघांपैकी एक अजून वर्गात येतो आणि नव्या मुलांना गुण्या लावायला शिकवतो. दुसरा निरोप आला त्याच आठवड्यात भट्टीवर गेला. त्याच्यापर्यंत पाते वेळेत पोहोचले नाही. म्हणून, शिक्षक मित्रांनो, "तुला जमत नाही" हे वाक्य उच्चारण्याआधी मशीनचा प्लग काढा आणि दाते मोजा.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या वर्गातील पात्याला किती दाते आहेत? ते शेवटचे कधी स्वच्छ केले?

२. टाकाऊ पट्टीवर जुन्या व नव्या पात्याने एकेक कट मारा. दोन्ही कडांवरून बोट फिरवून फरक सांगा.

३. आपल्या वर्गात हाताचा म्हणून धरलेला कोणता दोष खरे तर अवजाराचा असू शकतो?