काजूच्या झाडावरील दोन कीटक

पेडणे तालुक्यातील धारगळ परिसरात काजू मोहरला की बागायतदाराची दृष्टी झाडाकडे लागते. त्याच झाडावर भिन्न राहणीचे दोन कीटक वावरतात.

पहिला ढेकण्या. हा एकटा हिंडणारा कीटक कोवळी पालवी, मोहर व कोवळ्या बिया यांत सोंड खुपसून रस शोषतो. टोचलेला भाग काळवंडतो व मोहर करपतो. मादी कोवळ्या देठांत अंडी घालून निघून जाते. पिलांची निगा कोणीच राखीत नाही.

दुसरा कीटक म्हणजे हुमले, अर्थात तांबड्या मुंग्या. यांचा संसार सामुदायिक. कामकरी मुंग्या पाने ओढून धरतात आणि अळीच्या मुखातील रेशमी धाग्याने ती जोडून घरटे बांधतात. अळ्यांच्या पोषणासाठी त्या झाडावरील कीटकांची शिकार करतात. घाना व ऑस्ट्रेलियातील काजूबागांत त्यांच्यामुळे ढेकण्याच्या जातभाईंचा उपद्रव घटल्याचे आढळले आहे.

हुमले चावतात, पिठ्या ढेकणांनाही आश्रय देतात, हे खरे. तथापि घरटी जाळण्यापूर्वी अथवा सरसकट फवारणी करण्यापूर्वी मोहराची पाहणी अवश्य करावी. शत्रूबरोबर राखणदारही मारला गेल्यास नुकसान बागायतदाराचेच होते.