टाकीच्या पातळीदर्शकास ब्लूटूथची जोड

गच्चीवरील टाकीत पाणी किती उरले हे पाहण्यासाठी शिडी चढावी लागू नये, या हेतूने अनेक शाळांतील विद्यार्थी आर्डुइनो उनो व अंतरमापक संवेदक वापरून पातळीदर्शक तयार करतात. परंतु आकडा टाकीजवळील पडद्यावरच उमटत असेल, तर शिडी काही सुटत नाही. तो आकडा खाली मोबाइलवर आणण्याचे काम ब्लूटूथ करू शकते.

या तंत्राचा आरंभ १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत झाला. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील ७९ वाहिन्यांवरून संदेश सेकंदाला १६०० वेळा उड्या घेत जातो, त्यामुळे शेजारच्या वाय-फायचा अडथळा त्यास फारसा बाधत नाही. भारतात या पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे २००५ पासून परवानामुक्त आहेत. पल्ला मोकळ्या जागेत सुमारे १० मीटर. मध्ये सिमेंटचा स्लॅब आल्यास तो बराच घटतो.

जोडणीसाठी एचसी-०५ हा स्वस्त घटक सोयीचा ठरतो. त्याचे प्रेषण-टोक आर्डुइनोच्या ग्रहण-टोकास व ग्रहण-टोक प्रेषण-टोकास जोडावे. बहुतेकांची चूक होते ती यापुढे. आर्डुइनोचा संदेश ५ व्होल्टचा असतो, तर एचसी-०५ चे ग्रहण-टोक ३.३ व्होल्टसाठी बनविलेले आहे. सरळ तार जोडल्यास घटक काही दिवस चालतोही. पण तो भरवशाचा राहत नाही. म्हणून मध्ये १ किलो-ओहमचा रोधक घालावा आणि ग्रहण-टोकापासून ऋण तारेपर्यंत २ किलो-ओहमचा लावावा, दाब ३.३ व्होल्टवर येतो. ० व १ क्रमांकाची टोके वापरली असल्यास आज्ञावली भरताना ब्लूटूथच्या तारा काढून ठेवाव्यात. आयफोन या घटकाशी जुळत नाही. त्यासाठी अल्पऊर्जा ब्लूटूथचा एचएम-१० घ्यावा लागतो.

कारखान्यातून येताना एचसी-०५ चा संकेतांक बहुधा १२३४ असतो. केवळ पातळी दाखवायची असेल तर यात मोठा धोका नाही. पण त्याच जोडणीवरून पंप चालू-बंद करण्याची सोय केल्यास आवाराबाहेरील कोणीही पंप सुरू करू शकेल, आणि उन्हाळ्यात टाकी वाहून गेल्यावरच ते ध्यानात येईल. घटकावरील कळ दाबून धरून वीज दिल्यास तो आज्ञा स्वीकारू लागतो. त्या वेळी ३८४०० च्या वेगाने संपर्क साधून संकेतांक बदलावा. पंपाच्या २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.