गोधडी अर्धवट का राहते?



मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या हातून एक चूक झाली. आधी तीच सांगते, कारण आजचा पाठ तिच्यातूनच निघाला आहे.

आपल्या एका गटाला बाळाच्या गोधड्यांची ऑर्डर आली. नग वीस, मुदत एक महिना. शिवणाऱ्या आठ जणी. मी मनातल्या मनात हिशोब केला, एकीला अडीच गोधड्या, महिनाभरात सहज होतील. फोनवर होकार देऊन मोकळी झाले. कुणाला विचारलंसुद्धा नाही. दिवस सोयाबीन काढणीचे होते, हेही माझ्या लक्षात राहिलं नाही. महिना संपला तेव्हा हातात अकरा गोधड्या होत्या. उरलेल्या नऊ घ्यायला समोरच्यांनी नकार दिला. अस्तराचं कापड मात्र गटातून अंतर्गत कर्ज काढून आणलेलं होतं आणि त्याचं व्याज सुरू होतं.

बैठकीत मला वाटलं बायका रागावतील. एक मावशी एवढंच म्हणाल्या, "अगं, तू गोधड्या मोजल्यास. टाके कुठं मोजलेस?"

मग आम्ही टाके मोजायला बसलो. तुम्हीही घरी करून बघा, अवघड नाही. बाळाची गोधडी साधारण 90 सेंटीमीटर लांब आणि तेवढीच रुंद. धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे 2 सेंटीमीटर अंतर धरलं तर 45 ओळी होतात. प्रत्येक ओळ 90 सेंटीमीटरची. म्हणजे एका लहान गोधडीत 40 मीटर शिवण! काठापासून आत चौकोनात घालत गेलात तरी शिवण तेवढीच भरते. मोठी, अंगावर घ्यायची गोधडी 150 बाय 210 धरली, तर हाच आकडा दीडशे मीटरच्या पुढे जातो.

आता एका तासात किती होतं? गटात घड्याळ लावून बसलो. काही जणींचं चार मीटर झालं, काहींचं दोन. सरासरी तीन मीटर निघाली. माझं विचारू नका. (एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला सुरू केलेला मफलर माझ्या पेटीत अजून वीतभरच आहे.) म्हणजे नुसत्या धावदोऱ्याला साडेतेरा तास. कापड धुणं, थर लावणं, कच्चे टाके, चारी बाजूंची पट्टी, सगळं धरून अठरा तास. वीस गोधड्यांचे 360 तास, म्हणजे एकीच्या वाट्याला 45. रोज दीड तास, एकही दिवस खाडा न करता, तेही सुगीत. हे कागदावर आधी मांडलं असतं तर मी होकार दिलाच नसता.

याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती जास्त लागली. एका गोधडीचे आम्ही 450 रुपये ठरवले होते. कापड-दोऱ्याचे 130 गेले, उरले 320. अठरा तासांनी भागा. तासाला अठरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. खुरपणीला गेलो तरी जास्त मिळतात. "जुन्या साड्यांचंच तर आहे" असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा आपण गप्प बसतो, कारण आपले तास आपल्यालाच माहीत नसतात.

म्हणून बचतीच्या वहीसारखी एक शिवणाची वही करा. तारीख आणि त्या दिवशी किती ओळी झाल्या, एवढंच लिहायचं. शून्य असेल तर शून्य लिहा, लाजू नका. पंधरा दिवसांत तुमचा स्वतःचा वेग कळतो. मग पुढच्या ऑर्डरला तारीख तुम्ही सांगायची, आम्ही समन्वयकांनी नाही.

रोजचं काम पुढं सरकावं म्हणून बायकांनी सांगितलेल्या काही युक्त्या. सकाळी उजेडात पाच-सहा सुयांत दोरा ओवून ठेवायचा. संध्याकाळी डोळे ताणत सुई ओवण्यातच निम्मा उत्साह जातो. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो आणि गाठी सोडवण्यात वेळ जातो. गडद कापड दिवसा, फिकं कापड दिव्याखाली. नवं अस्तर आधी धुऊन वाळवा, नाहीतर गोधडी पहिल्या धुण्यात आकसते आणि रंग सुटला तर सगळी मेहनत पाण्यात. थर लावताना घाई नको: सपाट जमिनीवर अंथरून, मधून बाहेर हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. इथं वाचवलेला अर्धा तास पुढं उसवण्यात दुप्पट जातो. आणि गोधडी पेटीत ठेवू नका. गुंडाळून, सुई टोचून, डोळ्यांसमोर ठेवा. पेटीत गेलेलं काम दिवाळीच्या आवराआवरीतच वर येतं.

एक काकू तर दिवस संपला की शेवटच्या टाक्याला लाल दोऱ्याची गाठ मारतात. दुसऱ्या दिवशी दोन लाल गाठींमधलं अंतर नातीला दाखवतात. तिला मोजायला सांगतात. नातीचा गणिताचा अभ्यासही होतो.

सुगीत, लग्नसराईत, घरात आजारपण असताना ओळी कमी होणारच. तेव्हा मोठ्या गोधडीला हात घालू नका. घरच्या मोठ्या गोधड्या आपल्या आया उन्हाळ्यात, शेतातली कामं उरकल्यावर शिवायच्या, त्याला कारण होतं. ऑर्डरचं काम लहान ठेवा, आणि एक संपल्याशिवाय दुसऱ्याचं कापड फाडू नका.

त्या राहिलेल्या नऊ गोधड्यांपैकी सहा आता पूर्ण झाल्या आहेत. नवा दर बायकांनीच तास मोजून ठरवला आहे, आणि तो ऐकून एक गिऱ्हाईक परत गेलं, दोन थांबले. पुढच्या मासिक बैठकीला येताना तुमची अर्धवट गोधडी, स्वेटर, जे असेल ते घेऊन या. मोजायचा टेप मी आणते, आणि माझा मफलरही.