एका वेळी पंधरा फाइली : संगणकाची मर्यादा आणि तिचा अर्थ

चिकोडी तालुक्यातील सदलगा हे दूधगंगेच्या काठचे गाव. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णेच्या खोऱ्याला महापुराने ग्रासले. पूर ओसरल्यावर पंचनाम्यांचे काम सुरू होते. पडलेले घर, बुडालेले पीक, दगावलेले जनावर यांची नोंद ज्या कागदावर होते, त्यावरच त्या कुटुंबाची मदत अवलंबून असते. पूर्वी असे कागद दप्तरात बांधून फडताळात ठेवीत. आता ते बहुधा संगणकात फाइलींच्या रूपाने असतात.

समजा, नदीकाठच्या एखाद्या कचेरीत चाळीस कुटुंबांचे पंचनामे छापावयाचे आहेत. प्रत्येक पंचनामा ही वर्ड या कार्यक्रमातील एक स्वतंत्र फाइल आहे. लिपिकाने चाळीसही फाइली एकदम निवडल्या आणि माउसची उजवी कळ दाबली. समोर आलेल्या यादीत ‘ओपन’ नाही आणि ‘प्रिंट’ही नाही. संगणक बिघडला असे समजून तो दाराशी थांबलेल्या माणसांना उद्या येण्यास सांगतो. त्यांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. वस्तुतः संगणकात कोणताही बिघाड झालेला नसतो.

मर्यादा कोणती?

विंडोज या कार्यप्रणालीत, तिच्या 7 व त्यापुढील आवृत्त्यांत, पंधरापेक्षा अधिक फाइली एकदम निवडल्यास उजव्या कळीच्या यादीतून ‘ओपन’, ‘एडिट’ व ‘प्रिंट’ या आज्ञा काढून घेतल्या जातात. पंधरा फाइलींपर्यंत त्या दिसतात. सोळावी निवडताच दिसेनाशा होतात. फाइलीचे नाव देवनागरीत असो वा कन्नड लिपीत, फाइल लहान असो वा मोठी, हा आकडा बदलत नाही. मात्र नक्कल करणे, हलविणे व पुसून टाकणे या क्रियांना ही मर्यादा लागू नाही. म्हणूनच शेकडो फाइली एकदम पुसल्या जाऊ शकतात, याचेही भान ठेवावे.

मर्यादा कशासाठी?

उघडलेल्या प्रत्येक फाइलीसाठी पडद्यावर एक नवी खिडकी तयार होते आणि ती संगणकाच्या स्मृतीतील काही जागा व्यापते. चुकून तीनशे फाइली एकदम उघडल्यास यंत्र मंद होते व अखेर अडून बसते. त्या चुकून छापावयास गेल्यास कागद व शाई वाया जाते. असा अपघात टळावा म्हणून निर्मात्यांनी हे कुंपण घातले आहे. ज्या कार्यक्रमांत अनेक फाइली एकाच खिडकीत रांगेने चालविता येतात, उदाहरणार्थ गाणी वाजविणारे कार्यक्रम, त्यांना याहून मोठी संख्या चालते.

अशी मर्यादा नवी नाही. डॉस या जुन्या कार्यप्रणालीत एका वेळी किती फाइली उघड्या राहू शकतील, हे आरंभीच्या मांडणीत लिहून द्यावे लागे. ते न लिहिल्यास आठ हा आकडा धरला जाई आणि कमाल मर्यादा 255 असे. लिनक्समध्येही एका कार्यक्रमाला एका वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतील, याची सीमा असते. पुष्कळ संगणकांवर ती आरंभी 1024 असते.

काम कसे करावे?

पहिला उपाय सर्वांत सोपा आहे. फाइलींचे गट पाडावेत. चाळीस फाइलींसाठी पंधरा, पंधरा व दहा असे तीन गट पुरतात. पहिली फाइल निवडून शिफ्टची कळ दाबून ठेवावी व पंधराव्या फाइलीवर टिचकी मारावी. फाइलींना 01, 02, 03 असे क्रमांक दिलेले असल्यास मोजताना चूक होत नाही आणि कोणते कुटुंब राहिले हेही तत्काळ कळते.

दुसरा उपाय मुळाशी जाणारा आहे. नमुना एकच आणि नावे अनेक असतील, तर चाळीस फाइली बनविण्याऐवजी नावांची एक यादी व एक नमुना ठेवून ‘मेल मर्ज’ या सोयीने सर्व प्रती एकाच फाइलीत तयार कराव्यात. विद्यार्थ्यांची प्रगतिपत्रके करणाऱ्या शिक्षकांनाही ही पद्धत उपयोगी पडेल.

तिसरा उपाय मर्यादाच बदलण्याचा आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, एक्सप्लोररच्या विभागात, ‘मल्टिपल इन्व्होक प्रॉम्प्ट मिनिमम’ या नावाने दशमान पद्धतीत 15 हा आकडा नोंदवून ही सीमा ठरविता येते. तेथे 16 लिहिल्यास सीमा उठली असे मानले जाते. परंतु रजिस्ट्रीतील चुकीच्या फेरफाराने संपूर्ण यंत्रणा बिघडू शकते. यास्तव हे काम जाणकाराकडूनच, रजिस्ट्रीची प्रत आधी जतन करून, करवून घ्यावे.

आणखी एक अडचण पुष्कळांना येते. एक्सेलमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली एका वेळी उघडता येत नाहीत, मग त्या वेगवेगळ्या कप्प्यांत का असेनात. प्रत्येक वाडीच्या कप्प्यात ‘यादी’ याच नावाची फाइल ठेवल्यास दोन वाड्यांची तुलना करताना काम अडते. यास्तव नावातच वाडी व वर्ष लिहावे.

समारोप

यंत्राने आज्ञा नाकारली म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. कित्येकदा ते एखाद्या नियमाने थांबलेले असते. तो नियम कर्मचाऱ्यास ठाऊक असला, तर चाळीस पंचनामे तीन खेपांत छापून होतात. तो ठाऊक नसला, तर पुराने आधीच नाडलेल्या माणसाला आणखी एक हेलपाटा पडतो. ही माहिती कचेरीत व शाळेत संगणकाजवळ लिहून लावावी आणि नव्याने कामावर येणाऱ्यास पहिल्याच दिवशी सांगावी.