हाताच्या कामाचा भाव : स्टॉलवर शिकलेलं कॉस्टिंग

फिक्स्ड कॉस्ट, व्हेरिएबल कॉस्ट आणि ब्रेक-इव्हन पॉइंट या तीन गोष्टी आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. मला त्या खऱ्या समजल्या त्या एका हस्तकला बाजारात, दोन दिवस टेबलामागे बसून. गॅदरिंगला हातच्या वस्तूंचा स्टॉल लावायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे चार धडे.

धडा १ : वस्तू कशी बनते ते दिसू द्या

मी आणि माझी रूममेट लिनोकट प्रिंट्स करतो. लिनोलियमच्या शीटवर चित्र उलटं काढायचं, जो भाग पांढरा हवा तो कोरून काढायचा, उरलेल्या भागावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेतले गांधीजी याच पद्धतीने केले होते. पण स्टॉलवर हमखास प्रश्न येतो, "हे तर छापलेलं आहे, मग हॅण्डमेड कसं?" म्हणून कोरलेला ब्लॉक आम्ही प्रिंटच्या शेजारीच ठेवला. त्या रेघांवरून एकदा बोट फिरवलं की फार बोलावं लागत नाही.

धडा २ : स्वतःचे तास मोजा

एका चित्राच्या ६० प्रती होत्या. आमचा हिशोब असा :

लिनो शीट – १५० रु.
कागद, शाई, पाकीट (प्रत्येकी ११ रु.) – ६६० रु.
स्टॉलभाड्यातला आमचा वाटा आणि प्रवास – १४०० रु.
कोरायला ६ तास आणि छापायला ५ तास, तासाला ८० रु. – ८८० रु.
आळीपाळीने स्टॉलवर बसलो ते १६ तास – १२८० रु.
एकूण – ४३७० रु.

आता गंमत बघा. नुसतं सामान धरलं तर एक प्रिंट साडेतेरा रुपयांना पडतो. सगळं धरून ६० ने भागलं तर जवळजवळ ७३. पण सगळे ६० एकाच बाजारात खपतील असं कोण सांगणार? ४० खपतील असं धरलं तर १०९ रुपये होतात. आम्ही ११० ची चिठ्ठी लावली. साडेतेरा आणि एकशे दहा यांच्यामध्ये जे काही आहे, त्यात सगळ्यात मोठा भाग आपल्या वेळेचा असतो, आणि तोच बहुतेक जण धरत नाहीत.

धडा ३ : घासाघीस होणारच, तयारी ठेवा

"स्टुडंट आहात ना, मग कमी करा" हे वाक्य दोन दिवसांत कितीदा ऐकलं त्याला गणती नाही! यावर उपाय म्हणजे भाव न पाडता सवलत देणे. तीन घेतले तर ३०० असा सेट आम्ही ठेवला. गिऱ्हाईकाचं समाधान होतं आणि सुट्टा भाव तसाच राहतो. क्यूआर कोड लावला असला तरी सुट्टे पैसे जवळ असू द्यात. गर्दीत नेटवर्क गेलं की गिऱ्हाईकही जातं.

धडा ४ : शेजारचा स्टॉल बघा

हा धडा पुस्तकात नाही. आमच्या शेजारी डहाणूकडच्या एक वारली चित्रकार मावशी होत्या. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रं जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणून जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मावशींच्या तळहाताएवढ्या चित्राला तीन तास लागतात, आणि लोक तिथेही "निम्म्यात द्या" म्हणतात.

शेवटच्या संध्याकाळी आमचे १८ प्रिंट उरले होते. रूममेट म्हणाली, "पन्नासला काढून टाकूया, परत कोण नेणार?" मावशींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "पोरींनो, तुमच्या मेसचं बिल घरून येतं. माझ्या घरचं तांदूळ-मीठ यातनं येतं. तुम्ही पन्नासला दिलं की तेच गिऱ्हाईक इथं येऊन मलाही पन्नासच म्हणणार."

आम्ही भाव उतरवला नाही. ३० प्रिंट सुट्टे आणि ४ सेट गेले, म्हणजे ४५०० रुपये आले. आमची मजुरी धरून खर्च निघाला आणि वर १३० रुपये उरले. उरलेले १८ पाकिटात घालून हॉस्टेलवर आणले. प्रिंट काही भाजीसारखे नासत नाहीत, पुढच्या बाजारात चालतील.

आपल्याला हौस म्हणून स्वस्तात विकणं परवडतं, कारण आपलं पोट त्यावर नाही. पण बाजार एकच असतो. गिऱ्हाईकाला लागलेली स्वस्ताची सवय शेजारच्याला भोगावी लागते. तेव्हा यंदा गॅदरिंगला पणत्या रंगवा, बुकमार्क करा, कानातली करा, काहीही करा. पण चिठ्ठी लावण्याआधी कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि पहिल्या ओळीत स्वतःचे तास लिहा. स्टॉलला शुभेच्छा!