आमच्या बोअरचे पाणी नापास झाले

शुद्ध पाण्याला रंग नसतो, वास नसतो, असे आपण पुस्तकात शिकलो. आमच्या वस्तीवरच्या बोअरचे पाणी अगदी तसेच आहे. तरी ते नापास झाले. ते कसे, हे मी सांगणार आहे.

गुरुजींनी घरून पाणी आणायला सांगितले होते. आधी मोटार पाच मिनिटे चालू ठेवायची, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची आणि वर नाव चिकटवायचे. गावात पाणी तपासायला शिकलेल्या बायका आहेत. त्यांच्यातल्या एक काकू पेटी घेऊन शाळेत आल्या. त्यांनी छोट्या बाटलीत पाणी घेऊन औषध टाकले, हलवले आणि थोडा वेळ ठेवले. नळाचे पाणी फिकट गुलाबी झाले. आमचे गडद गुलाबी! मला आधी आनंदच झाला, रंग छान होता. पण काकूंनी रंगाचा तक्ता लावला आणि म्हणाल्या, "नायट्रेट जास्त आहे रे."

एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असा आपल्या देशाचा नियम आहे. आमचे त्याच्या वर होते. आमच्या चारी बाजूंनी ऊस आहे. उसाला युरिया टाकतात. पिकाला लागतो तेवढा पीक घेते, उरलेल्याचे नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपते. शेणखताच्या खड्ड्यातून आणि संडासाच्या शोषखड्ड्यातूनही ते येते. म्हणून नक्की कशाचे आहे ते रंगावरून कळत नाही.

घरी सांगितले तर आजी म्हणाली, "तीस वर्सं हेच पाणी पितूय, मला काय झालं न्हाई." पण माझी बहीण चार महिन्यांची आहे. तिला वरचे दूध असते, पावडरीचे. नायट्रेट जास्त असले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट नेता येत नाही, बाळ निळसर पडते. आई म्हणाली, "मी तर पाणी उकळून घेते." उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि तेवढेच नायट्रेट कमी पाण्यात राहते! टीसीएल पावडरीनेही जात नाही. पालखीच्या वेळी विहिरीत टाकतात ती जंतूंसाठी.

शिसे आणि पारा आमच्या पेटीत कळत नाहीत. शिशाची मर्यादा एक लाख लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम आहे. त्याला प्रयोगशाळाच लागते. जपानमध्ये मिनामाता गावी एका कारखान्याचे पाऱ्याचे पाणी समुद्रात जात होते. ते मासळीत उतरले. मासळी खाऊन आधी मांजरे वेड्यासारखी करू लागली, मग माणसे आजारी पडली. १९५६ साली तो रोग उघड झाला.

आमची दुसरी बाटली प्रयोगशाळेत गेली आहे. अजून कागद आला नाही. तोपर्यंत छकुलीच्या दुधासाठी मी रोज सकाळी गावातल्या नळावरून एक कळशी आणतो. आजी हसते, पण कळशीवर झाकण तीच ठेवते.

— इयत्ता ४ थी