आधी विसावा, मग भटकंती

बाळा, २६ जानेवारीच्या जोडसुट्टीला पोरांना आणि विहीणबाईंना घेऊन वसईहून तीन दिवस येतेस म्हणालीस, जीव सुखावला. फोनवर तू वीस ठिकाणांची यादी वाचून दाखवलीस. ती जरा बाजूला ठेव. चाळीस वर्षं पाहुण्यांना नाशिक दाखवतोय, त्यातून हाती लागलेलं सांगतो. कुठं बसायचं, पाणी कुठं मिळेल, हे आधी ठरव. काय बघायचं ते मग.

हे मला पांडवलेणीच्या पायऱ्यांनी शिकवलं. मे महिन्यात भर दुपारी तुझ्या आजोबांना घेऊन चढलो होतो. पायऱ्या दोनशेच्या आसपास, पण निम्म्यावरच ते मटकन खाली बसले. ओठ सुकलेले, आणि माझ्या पिशवीत पाण्याचा थेंब नाही. एका अनोळखी बाईनं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना पाजलं. लेणी न बघताच आम्ही उतरलो. आजोबा पुन्हा कधी वर चढले नाहीत, ती हळहळ अजून आहे.

म्हणून लेणी पहिल्या दिवशी, सकाळच्या उन्हातच करायची. माणशी एक बाटली पाणी. विहीणबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना आग्रह करू नकोस. पायथ्याच्या बुद्धविहारात निवांत बसू देत, मी सोबत थांबेन. वर चोवीस लेणी आहेत, पोरांना सगळी दाखवायची नाहीत. तीन नंबरच्या लेण्याशी त्यांना थेट ओसरीच्या खालच्या बाजूला ने. तिथं ठेंगणे, धट्टेकट्टे गण खांद्यावर तुळया घेऊन अख्खं लेणं उचलून उभे आहेत. पोरांना ते मोजायला सांग. मोजताना ती आपोआप वाकून नीट बघतात.

मग दहा नंबरचं लेणं. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरं दिसतील. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा हा साधारण १९०० वर्षांपूर्वीचा लेख. त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचं लिहिलंय. भरुकच्छ म्हणजे भडोच, गोवर्धन इथलंच, नाशिकजवळचं, आणि शूर्पारक म्हणजे तुझ्या वसईशेजारचं सोपारं. भडोच आणि सोपारं त्या काळची मोठी बंदरं. तिथला माल घाट चढून या बाजूला यायचा. डहाणूका, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही काठांवर सभा आणि प्रपा केल्या, असंही तो सांगतो. प्रपा म्हणजे आपली पाणपोई. वाटसरूला पाणी द्यावं ही गोष्ट त्यानं दगडात कोरून ठेवली, आणि त्याच लेण्यांच्या पायऱ्यांवर मी माझ्या वडिलांना तहानलेलं ठेवलं. तू तसं करू नकोस.

दुसरा दिवस पंचवटीचा. गाडी घेऊन गल्ल्यांत शिरू नकोस. पुलाअलीकडे उतर, बाकी पायी. सकाळी सातच्या आत रामकुंडावर पोच, म्हणजे नदी नजरेला पडते, नाहीतर नुसती गर्दी. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पोरांना दाखव. पावसाळ्यात गोदावरीचा पूर आम्ही त्याच्यावरूनच मोजतो. पाणी त्याच्या कमरेला लागलं की गल्लीगल्लीत बातमी होते. जवळच नारोशंकराचं मंदिर आहे, १७४७ सालचं. त्याच्या तटावरच्या घंटेशी थांब. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, त्या विजयाची ही घंटा. तुझ्या गावची वस्तू आमच्या गावात टांगलेली आहे हे पोरांना सांग. परत गेल्यावर ती वसईचा किल्ला वेगळ्या नजरेनं बघतील.

काळारामाच्या आवारात ओवऱ्या आहेत. विहीणबाईंना तिथं सावलीत बसव. आणि पोरांना देवाइतकीच एक तारीख सांग: २ मार्च १९३०. मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी इथं सत्याग्रह सुरू केला. ज्या दारातून आपण सहज आत जातो, ते सगळ्यांना उघडं नव्हतं, हे त्यांना कळलंच पाहिजे. सीतागुंफेत मात्र वाकून, अंग चोरून जावं लागतं. दम लागणाऱ्यानं बाहेरूनच नमस्कार करावा.

तिसऱ्या दिवशी त्र्यंबक आणि नांदूरमध्यमेश्वर दोन्ही उरकायचा हट्ट नको. दोन दिशांना दोन गावं. तो दिवस सोमवारचा, त्र्यंबकला तेव्हा रांग लांब असते, म्हणून मी तुमच्यासाठी पाखरांचा दिवस धरलाय. नांदूरमध्यमेश्वर हे निफाड तालुक्यातलं पाणथळ, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. पहाटे निघायचं. निफाडची थंडी हाडात शिरते, म्हणून कानटोपी आणि स्वेटर विसरू नकोस. भडक कपडे घालू नका. दुर्बीण मी आणतो. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दिसेल. त्याला वारकरी म्हणतात. धाकट्याला आधी तोच दाखव. एक पक्षी नावानं ओळखता आला की पोरगं तासभर जागचं हलत नाही.

खाण्याचं थोडक्यात. मिसळ सकाळीच, आणि पोरांसाठी रस्सा वेगळा मागायचा. चिवडा आणि द्राक्षं शेवटच्या दिवशी घ्यायची, नाहीतर तीन दिवस ओझं वाहशील. द्राक्षाचा देठ हिरवा आहे का बघ. सुकून तपकिरी झाला असेल तर माल शिळा. खाण्याआधी मात्र भरपूर पाण्यात धू.

दादरहून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस धर. नाशिकरोड गावापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे, रात्री रिक्षा शोधत बसू नकोस, मी फलाटावरच असेन. यादीतली पंधरा ठिकाणं राहिली तरी चालतील, ती पुढच्या खेपेला बघू. विहीणबाई दमून परत जाता कामा नयेत, एवढं सांभाळ.